दवाखान्याची पारख

ज्वारी विकत घेताना आपण चार दाणे दाताखाली धरून पाहतो. माठ घेताना त्यावर टिचकी मारून त्याचा नाद ऐकतो. संसाराला लागणारी प्रत्येक वस्तू पारखून घेण्याची आपली जुनी रीत आहे. मात्र तापाने फणफणलेले मूल ज्या दवाखान्यात आपण नेतो, त्याची पारख करावी असे आपल्या मनातही येत नाही. डॉक्टरांच्या हाताला गुण आहे, एवढे शेजाऱ्यांकडून कळले की आपले समाधान होते. हाताचा गुण खराच. परंतु त्या हातातील सुई निर्जंतुक आहे की नाही, हा प्रश्नही तितकाच खरा आहे. दवाखान्यांच्या तपासणीचा विचार करायचा तो याचसाठी, आणि त्याकरिता बंगळूरमधील मल्लेश्वरम ही वस्ती आपण डोळ्यांसमोर ठेवू.

मराठी वाचकांना हे नाव परके वाटू नये. ज्या काडू मल्लेश्वराच्या देवळावरून वस्तीला हे नाव मिळाले, त्या देवास शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी गाव इनाम दिल्याचा उल्लेख १६६९ च्या शिलालेखात आहे. पुढे १८९८ साली बंगळुरात प्लेग पसरला. दाटीवाटीच्या पेठांतून माणसे मोकळ्या हवेत आली पाहिजेत, या निकडीतून मल्लेश्वरम व बसवनगुडी या वस्त्या वाढल्या. रुंद रस्ते आखले गेले, घरांच्या पाठीमागे सफाईसाठी गल्ल्या सोडण्यात आल्या. आरोग्य हे औषधाच्या बाटलीत येण्यापूर्वी व्यवस्थेत असावे लागते, हा धडा या वस्तीच्या आखणीतच आहे. तोच धडा दवाखान्यालाही लागू पडतो.

कर्नाटकात खासगी वैद्यकीय संस्थांचा कायदा २००७ साली झाला. केवळ मोठी रुग्णालयेच नव्हेत, तर गल्लीतील लहान दवाखानेही त्याच्या कक्षेत येतात. दवाखान्याची नोंदणी करावी लागते, तिची मुदत पाच वर्षांची असते, आणि नोंदणीचे प्रमाणपत्र सर्वांना दिसेल असे लावावे लागते. शुल्काचे दर जाहीर करावे लागतात. अपघातात सापडलेल्या माणसाला आगाऊ पैशांसाठी न अडवता प्रथमोपचार देणे बंधनकारक आहे. २०१७ च्या नोव्हेंबरात या कायद्याच्या दुरुस्तीवरून मोठा वाद झाला. खासगी डॉक्टरांनी राज्यभर दवाखाने बंद ठेवले आणि रुग्णांचे फार हाल झाले; अखेर सुधारलेला मसुदा बेळगावच्या अधिवेशनात संमत झाला. नियमांचा जाच होऊन लहान दवाखाने बंद पडतील, ही डॉक्टरांची भीती अगदीच निराधार नव्हती. आणि रुग्णाला दाद मागण्याची जागा हवी, ही मागणीही न्याय्यच होती.

तपासणीस आलेला अधिकारी पाहतो तरी काय? अवेडिस डोनाबेडियन या विद्वानाने १९६६ साली वैद्यकीय सेवेची पारख तीन अंगांनी करावी असे मांडले: साधने कोणती आहेत, काम कसे होते, आणि फळ काय मिळते. आजच्या बहुतेक तपासण्यांच्या मुळाशी हाच विचार आहे. तथापि साधने पाहणे सोपे, कामाची रीत पाहणे कठीण. मागील पिढीतील वाचकांना स्टोव्हवर उकळत ठेवलेल्या सुया आठवत असतील. केवळ उकळण्याने काही चिवट जंतूंची बीजे मरत नाहीत. त्यासाठी दाबाखालील वाफेचे यंत्र लागते. परंतु यंत्र कोपऱ्यात असणे निराळे आणि ते रोज, पुरेसा वेळ, योग्य उष्णतेवर चालवणे निराळे.

कचऱ्याचेच उदाहरण घ्या. २०१६ च्या नियमांनुसार दवाखान्यातील कचरा रंगांप्रमाणे वेगळा ठेवावा लागतो. रक्ताने माखलेला कापूस व पट्ट्या पिवळ्या पिशवीत. सलाइनच्या नळ्या व सुई काढलेल्या सिरिंज लाल पिशवीत. सुया व पाती भोक न पडणाऱ्या पांढऱ्या डब्यात. काच निळ्या खोक्यात. हा रंगांचा खटाटोप कशासाठी, असे कोणास वाटेल. २००९ च्या आरंभी गुजरातेत साबरकांठा जिल्ह्यातील मोडासा भागात हिपॅटायटिस बी या प्राणघातक काविळीची साथ आली आणि अनेक माणसे दगावली. शोध घेता त्याचे मूळ पुन्हा वापरलेल्या सुया व सिरिंज यांत असल्याचे दिसून आले. ज्या सुईने बरे व्हायचे, तिनेच रोग दिला! वापरलेली सुई जागच्या जागी नष्ट झाली, तर ती ना दुसऱ्या रुग्णाकडे जाते, ना भंगाराच्या बाजारात. कोपऱ्यातील तो पांढरा डबा म्हणजे एका घराचे दुखणे दुसऱ्या घरात जाऊ न देणारा पहारेकरी होय.

शीतकपाटाचेही तसेच. मुलांच्या लसी २ ते ८ अंश सेल्सिअस उष्णतेत ठेवाव्या लागतात. वीज गेली, कपाटाचे दार उघडे राहिले, तर लसीचे बळ जाते. दिसायला मात्र कुपी तशीच असते. म्हणून तापमानाची नोंद रोज दोनदा करावयाची असते. कित्येक लसींच्या कुपीवर वर्तुळात एक चौकोन छापलेला असतो. तो चौकोन वर्तुळाहून फिका असेल तर लस चालते. वर्तुळाइतका किंवा त्याहून गडद झाला असेल तर ती टाकून द्यावयाची. ही खूण आईलाही वाचता येते.

येथेच मुख्य मुद्दा येतो. अधिकारी कधी काळी एक दिवस येतो. रोगी रोज येतो. तपासणीच्या दिवशी फरशी चकचकीत असते, नोंदवह्या भरलेल्या असतात. पुढच्या मंगळवारी काय असते, हे बाकावर बसलेल्या माणसालाच ठाऊक असते. इंग्लंडमध्ये डॉक्टरांच्या दवाखान्यांना तपासणीनंतर श्रेणी मिळते आणि ती लोकांना दिसेल अशी लावण्याचे बंधन २०१५ पासून आहे. तेथेही ती श्रेणी म्हणजे एका काळचे चित्र. रोजची राखण तिने होत नाही.

महाराष्ट्रातील वाचकांनी तर अधिक दक्ष असावे. तेथील शुश्रूषागृह नोंदणीचा कायदा १९४९ चा. तो रुग्णांना दाखल करून घेणाऱ्या संस्थांसाठी आहे. खाटा नसलेला साधा दवाखाना त्यात येत नाही. कचऱ्याचे नियम मात्र सर्वांनाच लागू आहेत.

मग आपण करावे काय? पोलिसी थाटात दवाखान्यात शिरावे, असे नव्हे. भिंतीवरील प्रमाणपत्राची मुदत वाचावी. चिठ्ठीवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आहे का, ते पाहावे. सिरिंजचे पाकीट आपल्यासमोर फोडण्याची विनंती करावी. डॉक्टर हात धुऊन मुलाला तपासतात का, इकडे लक्ष असावे. काही उणे दिसल्यास प्रथम डॉक्टरांशीच सौजन्याने बोलावे. चांगला डॉक्टर अशा प्रश्नाने रागावत नाही. तरीही सुधारणा न झाल्यास कर्नाटकात जिल्ह्याच्या उपायुक्तांच्या अध्यक्षतेखालील नोंदणी व तक्रार निवारण प्राधिकरणाकडे, तर महाराष्ट्रात डॉक्टरांच्या वर्तनाविषयी महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे लेखी तक्रार करता येते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. झगमगाट म्हणजे गुणवत्ता नव्हे. जुन्या बाकांचा, एका खोलीचा दवाखानाही काटेकोर असू शकतो, आणि संगमरवरी दालनातही सुयांचा डबा ओसंडून वाहत असू शकतो. ज्यांच्या दवाखान्यात नियम मनापासून पाळले जातात, अशा डॉक्टरांना ते आपल्या नजरेस आले आहे असे एकदा अवश्य सांगावे. कोणी पाहत नसताना नीट काम करणाऱ्याला तेवढा आधार पुरतो.