सब्र म्हणजे गप्प बसणं नव्हे!

माझ्या रूममेटला गेल्या महिन्यात पिंक स्लिप मिळाली. शुक्रवारी संध्याकाळी मीटिंग, अर्ध्या तासात लॅपटॉप जमा. ती परभणी जिल्ह्यातल्या वालूरची. घरी फोन केला, तर अम्मी एवढंच म्हणाली, 'सब्र कर, बेटा.' फोन ठेवल्यावर मॅडम माझ्यावरच भडकल्या, "सब्र करून घरभाडं भरता येतं का गं?"

पॉइंट होता! पण दोन दिवसांनी अम्मीने पुन्हा फोन करून बीबी हाजराची गोष्ट सांगितली. मक्केचं उजाड खोरं, कुशीत तान्हा इस्माईल आणि पाणी संपलेलं. हाजरा नुसती रडत बसली नाही. सफा आणि मरवा या टेकड्यांमध्ये पाणी शोधत तिने सात फेऱ्या मारल्या. पाणी लागलं ते मात्र बाळाच्या पायाशी. तोच झमझम! आजही हज-उमऱ्याला जाणारा प्रत्येक जण त्या सात फेऱ्या मारतो. एका आईची धावपळच इबादत झाली. सब्र म्हणजे हे.

कुराणाच्या ९४व्या सूरहमध्ये तर लागोपाठ दोन आयतींत एकच दिलासा आहे, की अडचणीसोबत सोयही असते. 'नंतर' नाही हं, 'सोबत'!

वालूरच्या पोरीला हे वेगळं समजवावं लागत नाही. ज्या मराठवाड्याने २०१६मध्ये लातूरला रेल्वेने पाणी येताना पाहिलं, तिथलंच तिचं गाव. गावात चक्राकार पायऱ्यांची जुनी बारव आहे. गाळ-कचऱ्याखाली ती दडली होती. गावकऱ्यांनी श्रमदान करून ती मोकळी केली. बारव तिथेच होती. खाली वाकून उपसायला हवं होतं.

म्हणजे नोकरी गेली हे बरंच झालं? छे! प्रेषित मुहम्मदांचा चिमुकला मुलगा इब्राहीम गेला, तेव्हा त्यांच्याही डोळ्यांत पाणी आलं होतं. रडायला बंदी नाही. फक्त रडून झाल्यावर आजूबाजूला बघायचं.

तिने बघितलं. एरवी पाण्यावरून कटकट करणाऱ्या घरमालकीणबाई न मागता म्हणाल्या, "भाडं पुढच्या महिन्यात दे." एका जुन्या टीममेटने स्वतःहून तिचा सीव्ही चार ठिकाणी पाठवला.

नोकरी अजून मिळालेली नाही. काल इंटरव्ह्यूहून आली, सँडल भिरकावले आणि म्हणाली, "चौथी फेरी झाली. चहा टाक!"