दोष तबकडीचा की पिनेचा?

दिवाळीच्या साफसफाईत पेण-रोह्याकडच्या जुन्या घरांचे माळे उतरू लागले, की एखाद्या पत्र्याच्या ट्रंकेतून गाण्याच्या तबकड्या निघतात. कुणीतरी हौसेने चावीचा फोनो आणतो, खरखर ऐकतो आणि म्हणतो, "जुने रेकॉर्डिंग हो, असेच असायचे!" मग तबकड्या भंगारवाल्याकडे जातात. हा न्याय फार घाईचा आहे.

१९२५ पूर्वी गवयाला कर्ण्यापुढे तोंड धरून गावे लागे. त्याच्या आवाजाच्या जोरानेच पडदा हाले आणि सुई मेणात रेघ कोरी. जोरकस तान उमटे, तंबोऱ्याची आस हरपे. १९२५ साली अमेरिकेतील कंपन्यांनी मायक्रोफोन आणि विजेने आवाज वाढवण्याची युक्ती वापरायला सुरुवात केली. सेकंदाला पाच हजार कंपनांपर्यंतचे सूर तबकडीत शिरू लागले. पूर्वी याच्या निम्म्यावरच गाडी अडत असे. अब्दुल करीमखाँसाहेबांच्या १९०५च्या सुमाराच्या तबकड्या आणि १९३०च्या दशकातल्या ओडियनच्या तबकड्या पाठोपाठ ऐका. हा फरक सांगावा लागत नाही.

पण मुद्रण सुधारले, घरातला फोनो जुनाच राहिला. त्याचा कर्णा खालचे सूर गिळी आणि वरचे कर्कश करी. पोलादी पिन दर बाजूला बदलायची असे. काटकसरी घरात तीच चार-चार तबकड्यांना चाले आणि खाचा खरवडून काढी. त्यात कोकणची हवा! तबकडी लाख आणि दगडाच्या भुकटीची. चार पावसाळ्यांत तिच्यावर बुरशी धरते. पेणच्या कारखान्यातून निघालेल्या गणपतीचे नाक वाटेत उडाले, तर आपण मूर्तिकाराला बोल लावतो का?

तेव्हा ट्रंक सापडलीच तर तबकडी कोमट पाण्याने व साबणाच्या थेंबाने अलगद पुसावी, मधला कागद भिजू देऊ नये. स्पिरिट मात्र चुकूनही लावू नका, लाख त्यात विरघळते. तबकड्या उभ्या ठेवाव्यात. पोलादी पिनेच्या फोनोवर त्या पुन्हा चढवू नयेत. ७८ फेऱ्यांची सुई असलेल्या हलक्या विजेच्या प्लेअरवर एकदा वाजवून संगणकात उतरवून घ्याव्यात.

एका बाजूला जेमतेम तीन मिनिटांचे गाणे असते. भंगारवाला आणखी एक दिवस थांबू शकतो.