कंगव्याला कशाला हवा नंबर?
परवा एका मोठ्या दुकानात चाळीस रुपयांचा कंगवा घेतला. काउंटरवरच्या मुलीनं पैशांआधी मोबाईल नंबर मागितला. ‘नाही देत’ म्हटलं, तर बिलच पुढे सरकेना. मागच्या काकू म्हणाल्या, ‘अहो, देऊन टाका, सगळेच देतात.’ या ‘सगळेच देतात’चीच मला धास्ती वाटते. आमच्या कोपऱ्यावरच्या वाण्याला घरात कुणाला साखर वर्ज्य आहे हेसुद्धा ठाऊक असतं, पण ते त्याच्या डोक्यात राहतं, विकायला निघत नाही. इथं दिलेल्या नंबराची तशी खात्री कोण देणार? खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमतानं सांगितलं. त्यासाठी २०१२ मध्ये दाद मागायला गेलेले निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी तेव्हा ८६ वर्षांचे होते! मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानंही दुकानदारांना ‘नंबरासाठी ग्राहकांना अडवू नका’ म्हणून बजावलं. एवढं सगळं आपल्या बाजूनं असताना रांगेच्या भिडेनं हक्क सोडायचा? मी थांबले. व्यवस्थापक आले, दोन बटणं दाबली, नंबराशिवाय बिल निघालं. काकूंनी पिशवी काउंटरवर ठेवली आणि म्हणाल्या, ‘माझंही तसंच करा हो.’