दारूचा परवाना : जबाबदारी कोणाची, नफा कोणाचा?

दारूच्या प्रश्नाची चर्चा आपल्याकडे बहुधा दोन टोकांवर होते. एका टोकाला संपूर्ण दारूबंदीचा आग्रह, तर दुसऱ्या टोकाला 'ज्याला प्यायची त्याला पिऊ द्या' ही उदारमतवादाची सोपी भाषा. या दोन टोकांमध्ये परवाना नावाची जी विस्तीर्ण भूमी आहे, तिच्याकडे डाव्या चळवळीने क्वचितच गांभीर्याने पाहिले. वास्तविक दारू ज्या समाजात कायद्याने विकली जाते, तेथे विक्रीचा परवाना कोणाला मिळतो, तो कोण देतो, त्यावर हरकत कोणाला घेता येते आणि त्यातून निर्माण होणारा नफा कोणाच्या पदरात पडतो, हे चार प्रश्न राजकीय अर्थशास्त्राचे आहेत. त्यांची उत्तरे शोधताना ज्या देशाने आपल्याला अबकारी व्यवस्था दिली, त्या इंग्लंडचा अनुभव तपासून पाहणे उद्बोधक ठरेल.

इंग्लंड आणि वेल्समध्ये सध्या २००३ चा परवाना कायदा लागू आहे. त्याची पूर्ण अंमलबजावणी नोव्हेंबर २००५ पासून झाली. या कायद्याने परवान्याचे दोन भाग केले : एक जागेचा, दुसरा माणसाचा. पब असो वा किराणा दुकान, जागेला स्वतंत्र परवाना लागतो. त्याखेरीज तेथील दारूची प्रत्येक विक्री व्यक्तिगत परवाना असलेल्या माणसाने स्वतः केलेली, अथवा त्याने अधिकार दिलेली असावी लागते. त्यांच्यापैकी एकाचे नाव जागेच्या परवान्यावर नियुक्त पर्यवेक्षक म्हणून नोंदविले जाते. काही गैर घडले तर पोलिसांनी कोणाला गाठायचे, याचे उत्तर कागदावर तयार असते.

हा व्यक्तिगत परवाना मिळविणे अवघड नाही. अर्जदाराचे वय किमान १८ वर्षे असावे लागते. मान्यताप्राप्त परीक्षा उत्तीर्ण झाल्याचे प्रमाणपत्र लागते. ही परीक्षा वस्तुनिष्ठ चाळीस प्रश्नांची असून एका दिवसाच्या प्रशिक्षणानंतर बहुतेक जण ती देतात. गुन्हेगारी नोंदींचा महिन्याभराच्या आतला दाखला, दोन छायाचित्रे, पूर्वीच्या शिक्षांविषयीचे निवेदन आणि ३७ पौंडांचे शुल्क जोडून अर्ज आपल्या राहत्या भागातील कौन्सिलकडे द्यायचा. २०१७ पासून त्या देशात काम करण्याच्या हक्काचा पुरावाही मागितला जातो. संबंधित स्वरूपाचा गुन्हा नोंदीवर नसेल, तर कौन्सिलला परवाना द्यावाच लागतो. असा गुन्हा असेल तर पोलीस हरकत घेऊ शकतात. शेजारीपाजारी राहणाऱ्यांना या टप्प्यावर बोलण्यास वाव नाही. पूर्वी दर दहा वर्षांनी नूतनीकरण करावे लागे, तेही २०१५ मध्ये रद्द झाले. एकदा मिळालेला परवाना आता सामान्यतः आयुष्यभर चालतो.

वरवर पाहता ही पद्धत लोकशाहीवादी वाटते. यात वशिला नाही, लिलाव नाही, मंत्र्याच्या दाराशी हेलपाटे नाहीत. निर्वासित म्हणून आलेल्या कुटुंबातील तरुण आणि जुन्या जमीनदार घराण्यातील वारस या दोघांनाही तीच परीक्षा आणि तेच शुल्क. आपल्याकडील परवान्याच्या बाजाराशी तुलना केली, तर हा फरक लहान नाही, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

परंतु या कायद्यामागे शतकांचा इतिहास आहे. १५५२ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये मद्यगृह चालविणाऱ्याला स्थानिक दंडाधिकाऱ्यांची परवानगी आवश्यक झाली आणि सुव्यवस्था राखण्याबद्दल जामीन द्यावा लागू लागला. १८३० मध्ये मुक्त व्यापाराच्या लाटेत हे बंधन बिअरपुरते सैल करण्यात आले. घरपट्टी भरणाऱ्या कोणाही गृहस्थाला दोन गिनी भरून आपल्या घरात बिअर विकण्याची मुभा मिळाली. काही वर्षांतच हजारो बिअरघरे उभी राहिली आणि १८६९ मध्ये संसदेला ती पुन्हा दंडाधिकाऱ्यांच्या नियंत्रणाखाली आणावी लागली. पुढे विसाव्या शतकात बराच काळ दंडाधिकारी अर्जदाराला एक साधा प्रश्न विचारीत : या वस्तीला आणखी एका दुकानाची गरज आहे काय? २००३ च्या व्यवस्थेने हा प्रश्नच बाद ठरविला. गरज किती हे बाजाराने ठरवावे, परवाना देणाऱ्याने नव्हे, असे सरकारी मार्गदर्शन सांगते. गुन्हेगारीला आळा, सार्वजनिक सुरक्षितता, उपद्रवाला प्रतिबंध आणि मुलांचे संरक्षण ही चार उद्दिष्टे कायद्यात आहेत. सार्वजनिक आरोग्य त्यांत नाही. स्कॉटलंडने मात्र २००५ च्या आपल्या स्वतंत्र कायद्यात आरोग्याचे पाचवे उद्दिष्ट घातले आणि २०१८ पासून दारूची किमान किंमतही ठरवून दिली.

व्यक्तीची परीक्षा घेणाऱ्या या कायद्याचे खरे स्वरूप दिसते ते मालकीकडे पाहिल्यावर. इंग्लंडमधील पब एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मोठ्या प्रमाणावर मद्यनिर्मात्या कारखानदारांच्या मालकीचे झाले. पबचालकाने मालकाचीच बिअर, मालक सांगेल त्या भावाने घ्यायची, असा तो करार असे. १९०८ मध्ये उदारमतवादी सरकारने परवान्यांची संख्या लोकसंख्येच्या प्रमाणात कमी करण्याचे विधेयक आणले. उमरावांच्या सभागृहाने ते फेटाळले. मद्यसम्राटांचे हितसंबंध त्या सभागृहात किती खोल रुजले होते, याचा तो पुरावा होता. १९८९ मध्ये कारखानदारांच्या मालकीच्या पबांवर मर्यादा आली, तेव्हा ते पब मोठ्या मालमत्ता कंपन्यांच्या हाती गेले. आज हजारो पबचालक अशा कंपन्यांचे भाडेकरू आहेत. त्यांच्या पिळवणुकीच्या तक्रारींमुळेच २०१६ मध्ये स्वतंत्र आचारसंहिता लागू करावी लागली.

आता चित्र स्पष्ट होते. परीक्षा भाडेकरूने द्यायची, दाखला भाडेकरूने आणायचा, नाव भाडेकरूचे लागायचे; भाडे आणि बिअरवरील नफा कंपनीकडे जायचा. मोठ्या किराणा भांडारात तर एक परवानाधारक व्यवस्थापक गल्ल्यावरच्या साऱ्या नोकरांना विक्रीचा अधिकार देतो आणि अठरा वर्षांखालील मुलाला चुकून बाटली विकली गेली, तर गल्ल्यावरच्या अल्पवेतनी मुलीलाही दंड होऊ शकतो. ब्रिटनमध्ये विकल्या जाणाऱ्या दारूपैकी निम्म्याहून अधिक दारू आज पबमध्ये नव्हे, तर दुकानांतून स्वस्तात विकली जाते. केवळ दारूमुळे होणाऱ्या मृत्यूंची संख्या तेथे २०१९ मध्ये ७,५६५ होती; २०२३ मध्ये ती १०,४७३ झाली. विकणाऱ्यांपैकी कोणी परीक्षा दिली नव्हती असे नाही. जबाबदारीचे व्यक्तीकरण आणि नफ्याचे केंद्रीकरण ही भांडवलशाहीची जुनी हातचलाखी आहे. परवान्याच्या कायद्यात ती केवळ अधिक नीटनेटकी दिसते.

याच इंग्लंडने एकदा वेगळी वाट चोखाळली होती, हे समाजवादी कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. पहिल्या महायुद्धात सरहद्दीवरील ग्रेटना येथे प्रचंड दारूगोळा कारखाना उभा राहिला. त्यासाठी आलेल्या हजारो मजुरांमुळे शेजारच्या कार्लाइल शहरात मद्यपानाचा उपद्रव वाढला. १९१६ मध्ये सरकारने त्या भागातील मद्यनिर्मितीचे कारखाने आणि पबच ताब्यात घेतले. काही पब बंद केले, उरलेले सुधारले, तेथे जेवणाची सोय केली. सर्वांत महत्त्वाची सुधारणा अशी की पबचा व्यवस्थापक पगारी नोकर झाला. दारू जास्त खपली म्हणून त्याला एक पैसाही अधिक मिळत नसे. अन्नपदार्थ आणि साध्या पेयांच्या विक्रीवर मात्र काही लाभ मिळे. विकणाऱ्याचा दारूच्या खपातील स्वार्थच काढून टाकणे, हे त्या प्रयोगाचे सूत्र होते. युद्ध संपल्यावरही तो अर्धशतकाहून अधिक काळ टिकला आणि सरकारी तिजोरीत भर घालीत राहिला. तो तोट्यात गेला म्हणून बंद पडला नाही. १९७१ मध्ये हुजूर पक्षाच्या सरकारने कायदा करून ती मालमत्ता खाजगी हातांत विकण्याचा मार्ग मोकळा केला.

मात्र येथे स्वतःची फसवणूक करून घेता कामा नये. सरकारी मालकी म्हणजे समाजवाद नव्हे. तामिळनाडूमध्ये २००३ पासून दारूची किरकोळ विक्री राज्याच्या महामंडळाकडे आहे. म्हणून तेथील श्रमिकांच्या घरातील दुःख संपले, असे कोणी म्हणणार नाही. खाजगी दुकानदाराच्या जागी अर्थखाते बसले आणि खप वाढवण्यातील स्वार्थ तसाच राहिला, तर बदलते ते केवळ पाटीवरचे नाव. कार्लाइलचे महत्त्व मालकीत जितके होते, त्याहून अधिक उद्दिष्टात होते.

हा सारा इतिहास महाराष्ट्राला परका नाही. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने ताडी आणि मोहाच्या दारूवर सरकारी पकड बसवली. १८९२ च्या कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाच्या फुलांवरही बंधने आली. गावातली आणि जंगलातली दारू गुन्हा ठरली आणि गुत्तेदाराची दारू महसूल ठरली. त्या काळात परवान्यातील दंभ ओळखणारी दृष्टी जोतीराव फुल्यांची होती. पुणे नगरपालिकेचे सभासद असताना १८८० मध्ये त्यांनी शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांविरुद्ध पालिकेकडे लेखी तक्रार केली. १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांच्या नेतृत्वाखाली पुण्यात गुत्त्यांवर निरोधने झाली. परवाना हा लोकांच्या हरकतीचा विषय आहे, ही जाणीव आपल्याकडे अशी जुनी आहे.

स्वातंत्र्यानंतर आलेला १९४९ चा दारूबंदी कायदा महाराष्ट्रात आजही लागू आहे, आणि त्यातून एक विलक्षण विसंगती जन्मली आहे. इंग्लंडमध्ये परवाना विकणाऱ्या माणसाला लागतो. महाराष्ट्रात तो पिणाऱ्यालाही लागतो! प्रकृतीच्या रक्षणासाठी म्हणून मिळणारे हे पिण्याचे परवाने किरकोळ शुल्कात मिळतात आणि बहुसंख्य ग्राहक तेही घेत नाहीत. परमिट रूम या शब्दातील परमिट केव्हाच नाममात्र झाले आहे. दुसरीकडे वाईन शॉपचे नवे परवाने राज्याने १९७० च्या दशकापासून जवळजवळ थांबविले. हेतू संयमाचा होता. परिणाम उलटा झाला. मर्यादित परवाने ही मौल्यवान मिळकत बनली. अर्थशास्त्रात ज्याला खंड म्हणतात, तो येथे कसदार जमिनीऐवजी सरकारी शिक्क्यातून उत्पन्न होऊ लागला. परवाना एकाच्या नावावर, दुकान दुसऱ्याच्या ताब्यात आणि गल्ल्यावर तिसराच पगारी पोऱ्या, अशा त्रैराशिकात जबाबदार माणूस शोधणे कठीण होते.

आणि राज्य? मानवी सेवनाची दारू २०१७ मध्ये आलेल्या वस्तू व सेवा कराच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आली. राज्यांच्या हाती स्वतःचे म्हणून जे थोडे कर उरले, त्यांत दारूवरील कर प्रमुख आहे. जून २०२५ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने उत्पादन शुल्कात मोठी वाढ केली, ती महसुलाचे उद्दिष्ट पुढे ठेवूनच. संविधानाचे ४७ वे कलम राज्याला मादक पेयांच्या सेवनाला आळा घालण्याचे मार्गदर्शन करते. अंदाजपत्रक मात्र उत्पन्नवाढीची अपेक्षा धरते. या दोहोंच्या झुंजीत बहुधा अंदाजपत्रकच जिंकते.

या व्यवस्थेला खरे आव्हान दिले आहे ते खेड्यापाड्यांतील स्त्रियांनी. आडवी बाटली की उभी बाटली, या मतदानाने अनेक गावांतील दुकाने बंद झाली. पण नियम पाहावेत. झालेल्या मतदानापैकी नव्हे, तर यादीतील एकूण मतदारांच्या निम्म्याहून अधिकांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारावा लागतो. ऊसतोडीला गेलेली, बाळंतपणासाठी माहेरी गेलेली, नवऱ्याच्या धाकाने घरी राहिलेली प्रत्येक स्त्री त्या हिशेबात दुकानदाराच्या बाजूने मोजली जाते. आमदार निवडायला एवढे बहुमत लागत नाही!

केवळ बंदी हाही पूर्ण मार्ग नाही. जून २०१५ मध्ये मुंबईतील मालवणी येथे विषारी दारूने शंभरांहून अधिक माणसे मेली. मेले ते झोपडवस्तीतील श्रमजीवी. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ मध्ये स्त्रियांच्या दीर्घ लढ्यानंतर आलेली बंदी २०२१ मध्ये सरकारने उठवली. लोकांनी जिंकलेली गोष्ट मंत्रिमंडळाच्या एका बैठकीत जाऊ शकते, हा त्यातील धडा आहे.

तेव्हा मागणी नेमकी असली पाहिजे. परवाना हा वारसाहक्काने अथवा खरेदीने फिरणारी मिळकत राहता कामा नये. दारूच्या व्यापाराचा मूलभूत हक्क कोणालाही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये खोडे डिस्टिलरीज प्रकरणात स्पष्ट केलेच आहे. दुकान प्रत्यक्ष चालवणारा माणूस नावानिशी, प्रशिक्षणानिशी उत्तरदायी असावा. मात्र दंडाचा भार गल्ल्यावरच्या नोकरावर न पडता ज्याच्याकडे नफा जातो त्याच्यावर पडावा. विक्रेत्याचे वेतन खपाशी बांधलेले नसावे. वस्तीला गरज आहे काय, हा इंग्लंडने टाकून दिलेला प्रश्न आपण उचलून धरावा आणि त्याचे उत्तर देण्याचा हक्क ग्रामसभेला व मोहल्ल्याला असावा. आडव्या बाटलीसाठी झालेल्या मतदानातील बहुमत पुरेसे मानावे.

या मागण्यांनी दारू नाहीशी होणार नाही. पण आज परवान्याच्या अर्जावर सरकार, दुकानदार आणि कारखानदार या तिघांच्याच सह्या असतात. ज्या घरात आठवड्याचा पगार शनिवारी रात्री संपतो, त्या घरातील स्त्रीच्या सहीसाठी त्या कागदावर जागा करून घेणे, एवढे काम तर चळवळीने आजच हाती घेता येईल.