पडतो की पडतोय?



भारतातून आलेल्या आजी-आजोबांना आपण आधीच बजावतो, 'ईडन प्रेरीत बर्फ पडतो, जाड कोट आणा.' मग एका सकाळी नातू खिडकीतून ओरडतो, 'बर्फ पडतोय!' पहिलं वाक्य इथल्या हवेबद्दल, दुसरं समोर घडणाऱ्या गोष्टीबद्दल. इंग्रजीत 'इट स्नोज' आणि 'इट इज स्नोइंग' यांत हाच फरक आहे. म्हणजे साधा आणि अपूर्ण वर्तमानकाळ आपल्याला परका नाही.

मग आपली गाडी अडते कुठे? 'मला कळतंय' हे मराठीत अगदी सहज येतं. तेच इंग्रजीत नेलं की 'आय ऍम अंडरस्टँडिंग' होतं. इंग्रजीच्या लेखी कळणं, माहीत असणं, जवळ असणं या कृती नव्हेत, स्थिती आहेत; त्यांना सहसा 'इंग' लागत नाही. म्हणून 'आय हॅव टू सन्स' म्हणायचं, 'हॅविंग' नाही. पण जेवणं ही कृती, तेव्हा 'वी आर हॅविंग डिनर' चालतं.

निस्सिम इझिकेल हे मुंबईच्या बेने इस्रायली समाजातले इंग्रजी कवी. 'गुडबाय पार्टी फॉर मिस पुष्पा टी. एस.' या त्यांच्या कवितेतला वक्ता जागोजागी असा 'इंग' लावतो. ती वाचताना मी खूप हसलो होतो. पुढे माझ्यावरही पाळी आली.

'आय ऍम लिव्हिंग इन ईडन प्रेरी' असं मी वर्षानुवर्षं सांगत आलो. एकदा शेजाऱ्याने सहज विचारलं, 'मग परत कधी जाणार?' त्याला वाटलं, मुक्काम तात्पुरता आहे. कारण कायमच्या राहण्याला इंग्रजीत 'आय लिव्ह' म्हणतात. मी हसून वेळ मारून नेली. घरी आल्यावर वाटलं, त्याने बरोबरच ऐकलं. घर घेतलं, मुलं इथे वाढली, तरी पुण्याच्या फ्लॅटची किल्ली अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे.

आता तरुण वाचकांसाठी. माझी नात निघताना म्हणायची, 'आजोबा, मी जात आहे.' व्याकरणात चूक काढायला जागा नाही, पण निघताना आपल्या घरात असं कोणी म्हणत नाही. आपण म्हणतो, 'येते हं.' पाऊल बाहेर पडत असतं आणि क्रियापद परत येण्याचं असतं. तिने विचारलं, 'बट यू आर लीव्हिंग, राइट?' मी म्हटलं, 'हो, म्हणूनच.'

या दिवाळीत फराळाला बसाल तेव्हा एकमेकांचं एकेक वाक्य सुधारा. आमच्याकडे सुरुवात झाली आहे. नात 'येते' म्हणायला शिकली. मी 'आय लिव्ह हिअर' म्हणायचा सराव करतोय. अजून जीभ अडखळते.

शुभ दीपावली!