पुढच्या बैठकीवरची मधली जागा

जुन्या पद्मिनी मोटारीचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यालाच जोडलेला असे. त्यामुळे पुढची बैठक बाकासारखी एकसंध. आई आणि वडील यांच्यामध्ये एक मूल सहज मावे, आणि त्या जागेसाठी भावंडांत भांडणे होत.

सोलापूरच्याच वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापलेल्या प्रीमियर कंपनीची ही मोटार कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होई. सोलापुरातील एका कापड व्यापाऱ्याच्या घरी ती नोंदणीनंतर कित्येक वर्षांनी आली. सहा दिवस डिकीत कापडाचे गठ्ठे. सुट्टीच्या दिवशी मात्र कुंथलगिरी. निघताना थंडीत चोक ओढावा लागे, परतताना सूर्यास्तापूर्वी घर गाठण्याची घाई. दुकानात गल्ल्यावर बसलेल्या वडिलांशी बोलण्याची सोय नव्हती. मोटारीत ते हाताशी असत. शिवाय त्यांची नजर रस्त्यावर असे, ही तर मोठीच सवलत.

धाकट्या मुलाने त्या मधल्या जागेवरूनच एकदा सांगून टाकले, की त्याला दुकानात बसायचे नाही, पुढे शिकायचे आहे. वडील काही बोलले नाहीत. चढ लागला, त्यांनी गिअर बदलला. बऱ्याच वेळाने विचारले, "फी किती पडेल?"

आज त्या मुलाच्या मोटारीत पुढे दोन स्वतंत्र बैठका आहेत, मधोमध गिअर. त्याची मुलगी मागे पट्टा बांधून बसते. ते अधिक सुरक्षित आहे, यात वाद नाही. तिला काही सांगायचे असले, की तो वरचा आरसा किंचित तिच्याकडे वळवतो.