देवबाभळीला दारात जागा द्या

भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद इकडच्या अंगणांत मोगरा असतो, पारिजातक असतो. पण ऐन थंडीत दोघांचाही बहर नसतो. तेव्हा फुलते ती देवबाभूळ, कन्नड शेजाऱ्यांची कस्तुरी जाली. पानांआधीच फांदीभर पिवळे गोंडे येतात आणि त्यांचा गोड, दाट वास वाऱ्यावर दूरवर जातो. मूळची ती अमेरिकेच्या उष्ण भागातली. रोमच्या फार्नेसे बागेत वाढली, आणि लिनियसने १७५३ साली तिला दिलेल्या शास्त्रीय नावात ती बाग कायमची राहिली. फ्रान्समधल्या ग्रास गावाने तिच्या फुलांचं अत्तर काढलं. आपण मात्र काट्यांच्या भीतीने तिला दाराबाहेर ठेवतो, हे मला मनापासून सलतं. बीदरची जांभ्याची तांबडी माती असो की कलबुर्गीची काळी, तिला दोन्ही चालतात. फक्त पाणी साचू नये आणि ऊन भरपूर हवं. बी टणक असतं, गरम पाण्यात घालून रात्रभर भिजवावं, मग पेरावं. जागा कुंपणालगतची, पोरांच्या खेळण्यापासून लांब. बहर ओसरताच छाटणी करावी, म्हणजे झुडूप आटोपशीर राहतं आणि शेंगा पिकून शेजारच्या शेतात रोपं माजत नाहीत.